हौद आणि नळाचं गणित
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या गणिताच्या सरांचं एक उदाहरण आठवतं का? एका नळाने हौद 4 तासांत भरतो, दुसऱ्या नळाने 6 तासांत रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळात भरेल? मी उभी राहून विचारलं होतं, "सर, भरताना खालचा नळ कोण उघडा ठेवतं?" सगळा वर्ग हसला होता. आज गावच्या पाणीपुरवठा समितीची अध्यक्ष म्हणून सांगते, सर, ठेवतात!

आमची योजना साधी आहे. नदीकाठी विहीर, तिच्यावर मोटर, टेकाडावर टाकी आणि तिथून घरोघर नळ. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. आमच्या हजार-बाराशे वस्तीला टाकीत रोज 66 हजार लिटर तरी पडायला हवं. योजना सरकारच्या पैशातून उभी राहते; ती चालवायची मात्र गावानं. उद्घाटनाच्या फोटोत सगळे असतात, वीजबिल आलं की समिती एकटी.

विज्ञानाच्या बाईंनी 1 अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट हे घोकून घेतलं होतं. ते आता कामी येतं. आमची 5 अश्वशक्तीची मोटर रोज 6 तास चालली तर महिन्याला पावणेसातशेच्या आसपास युनिटं होतात. त्यात पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, व्हॉल्व्हची दुरुस्ती, टीसीएल पावडर. हे सगळं पाणीपट्टीतून. पट्टी थकली की बिल थकतं, मग वीज तुटते आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येतो.

टीसीएलचं माप साधारण हजार लिटरला 5 ग्रॅम. वास येतो म्हणून लोक कुरकुरतात. पण टाकीत टाकून अर्धा तास थांबायचं आणि तपासणी टाकीजवळ नाही, शेवटच्या नळावर करायची. तिथे ओटी टेस्टला पिवळा रंग आला तरच पाणी शुद्ध धरायचं.

आमच्या शेवटच्या नळाला रंग येणं दूरच, पाणीच येत नव्हतं. वस्तीवरच्या बायका समितीत येऊन बसल्या. लाइन तपासली तेव्हा मधल्या आळीत तिघांनी नळाला थेट मोटर जोडलेली सापडली. त्यानं पुढच्यांचं पाणी तर ओढलं जातंच, पण पाइप कुठे फुटका असेल तर गटाराचं पाणीही आत खेचलं जातं. तिघांपैकी एक माझे चुलत दीर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सांगितलं, आधी भाऊजींची मोटर काढा, मग दुसऱ्यांची. दुसरीकडून सुरुवात केली असती तर गावानं माझं ऐकलं नसतं. त्या संध्याकाळी शेवटच्या नळाखाली कळशी भरली. भाऊजी त्या दिवाळीला फराळाला आले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. पाणीपट्टी मात्र वेळेवर मुलाच्या हाती पाठवतात.

विहीर आटू नये ही पुढची काळजी. 1993 च्या राज्याच्या भूजल कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. पण कागद पहारा देत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं पाणी अडवलं, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची सवय लावली. आम्ही अजून तिथवर पोचलो नाही. पण विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला मोजून पंचायतीच्या फळ्यावर लिहितो. आकडा समोर दिसला की भांडणं कमी होतात.

आता शेवटचं, जरा हक्कानं. आपल्यापैकी काही जण पुण्या-मुंबईला आहेत. गावात घर बंद, नळजोडणी चालू आणि थकबाकीच्या यादीत नाव! नावं वाचत नाही, जेवणं व्हायची आहेत. पण सुट्टीत तुम्ही याल तेव्हा नळाला पाणी हवं असेल, तर वर्षभर तो कुणीतरी चालू ठेवावा लागतो.

सर, उदाहरणाचं उत्तर 12 तास. खालचा नळ बंद केला तर 4. एवढं कळायला मला तीस वर्षं लागली.