काळ्या मेंदीचा काळा रंग

शिकेकाई, रिठा, आवळा, नागरमोथा. आपल्या घरांत केसांना पूड लावण्याची सवय जुनीच आहे. त्यामुळे पाकिटातून निघणारी कुठलीही पूड आपल्याला ‘आयुर्वेदिक’ वाटते आणि तिथेच घोटाळा होतो.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याने पांढऱ्या केसांना तांबूस-केशरी रंग चढतो, तोही दोन-तीन तासांनी. मग अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी ‘काळी मेंदी’ काय असते? बहुतेक पाकिटांत तो काळेपणा पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी या रसायनाचा असतो. पाकिटावर चित्र मात्र हिरव्या पानांचं.

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य सांगतो: “डॉक्टर, दहा वर्षं हेच लावतोय, कधी काही झालं नाही!” ॲलर्जीचं हेच तर वैशिष्ट्य आहे. शरीर त्या रसायनाची ओळख हळूहळू करून घेतं आणि एके दिवशी बंड करून उठतं. एक-दोन दिवसांनी टाळू खाजते, कानामागे पाणी सुटतं, कपाळ आणि पापण्या सुजतात. मिशी रंगवणाऱ्यांचे ओठ सुजतात. एकदा ही ॲलर्जी जडली, की ती सहसा जन्मभर राहते. पुढच्या खेपेला त्रास अधिक लवकर आणि अधिक जोरात होतो.

म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. दर वेळी आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला पाकिटावरील सूचनेप्रमाणे थोडा रंग लावून बघा आणि 48 तास थांबा. लग्न उद्यावर आलं असताना नवीन पूड वापरू नका. टाळूवर जखम किंवा पुरळ असेल, तर रंग नकोच. पूर्वी त्रास झाला असेल, तर चाचणीसुद्धा घरी करू नका. चेहरा सुजला, तर डोकं भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. श्वास लागला, तर थेट रुग्णालय गाठा.

काळाच रंग हवा, तर मेंदीनंतर निळीच्या पाल्याची पूड लावता येते. कपड्यांची नीळ नव्हे हं! वेळ जास्त लागतो. आणि पांढरे केस तसेच ठेवले, तरी त्यांचं आरोग्य काही बिघडत नाही.