चित्रवाणीचा निर्माता
(मुकुंदवाडी येथील ज्ञातिसंमेलनातील भाषण)



चित्रवाणीवर दिसतो तो निवेदक. विषय निवडणारा, जाणकार शोधणारा, शब्द पारखणारा निर्माता पडद्याआडच राहतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तेथील निर्माते आकाशानंद यांनी ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम घडविला. वेळ संपली, संच बंद केला, एवढ्यावर तो थांबला नाही. प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे काढली. पाहणारे करणारे झाले. शिक्षकाला यापरते काय हवे! (आमचा वर्ग अवघ्या साठ मुलांचा.)

आपल्यातील एक तरुण या व्यवसायात जाऊ म्हणतो, तर वडीलधारी मंडळी ‘नाटकी नोकरी’ म्हणून हसतात. त्याच्या शिक्षणास मंडळाच्या विद्यार्थी निधीतून साहाय्य द्यावे, असा ठराव मी आज आपणापुढे मांडीत आहे.