बुटका गहू आणि बहिरा मुकादम



मी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडित म्हणून नव्हे, तर आपल्यासारखाच एक जिज्ञासू म्हणून गव्हाविषयी चार शब्द बोलतो.

आपल्या वाडवडिलांचा गहू उंच वाढे. खतपाणी जास्त झाले की काड आणखी लांबे, आणि ओंबी भरताच पीक वाऱ्याने लोळे. १९६६ साली सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. तो गहू बुटका. खत पचवूनही तो उभा राहिला. असे का झाले?

रोपात जिबरेलिन नावाचे वाढीचे संप्रेरक असते. आणि वाढ रोखून धरणारे एक प्रथिनही असते. त्याला आपण मुकादम म्हणू. जिबरेलिनचा हुकूम आला की मुकादम नाहीसा होतो आणि कांडे लांबते. बुटक्या गव्हाच्या जनुकात एक लहानसा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, झालेले आहे. त्याने या मुकादमाचा कानच गेला! हुकूम येत राहतात, मुकादम जागचा हलत नाही. काड आखूड राहते, आणि तिथे वाचलेले अन्न दाण्यात जाते. हे जनुक जपानच्या नोरिन १० या वाणातून आले; त्याचे मर्म १९९९ साली उलगडले.

पण हा मुकादम कोंबातही बहिराच. त्यामुळे मातीतून वर येणारा पहिला कोंबही आखूड. बागायतीत त्याने अडत नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू रानात मात्र ओल खाली गेली की पाभर खोल घालावी लागते, आणि असा कोंब मातीतच अडकतो. म्हणजे विहिरीला पाणी असलेला पुढे, नसलेला मागे!

यावर उपाय शोधला जात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी गव्हाच्या जातीतील बुटकेपणाच्या दुसऱ्या दोन जनुकांचा, क्रमांक १४ आणि १८ यांचा, माग काढला. १८ क्रमांकात मुकादम बहिरा नाही. हुकूमच कमी निघतात. काड बुटके राहते, पण कोंब लांब निघतो.

बियाण्यातही वाटणीचा प्रश्न असतो, मित्रहो. नवे वाण दारी आले की उतारा जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, हे कोणाच्या रानासाठी घडवले?