मुलांचे जुनाट पडसे आणि शस्त्रक्रिया

(पार्से, तालुका पेडणे येथे पालक व शिक्षकांपुढील भाषण)



पावसाळ्याचे चार महिने पार्से गावी घरोघरी मुलांची नाके वाहत असतात. साधे पडसे आठदहा दिवसांत बरे होते. परंतु बारा आठवडे उलटूनही नाक चोंदलेले, शेंबूड दाट, रात्री खोकला आणि झोप उघड्या तोंडाने, अशी ज्या मुलाची अवस्था असेल, त्याच्या चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्या, म्हणजे सायनस, सुजल्याचा संशय घ्यावा. असे मूल वर्गात पुष्कळदा ‘मंद’ ठरते. नाकामागील अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढून कानांत पाणी साचल्यामुळे त्याला कमी ऐकू येत असण्याचा संभव असतो, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे. उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे, औषधी फवारा, आणि डॉक्टरांस आवश्यक वाटल्यास प्रतिजैविके, एवढ्याने बहुतेक मुले सुधारतात. चुलीचा व विडीचा धूर मात्र दूर ठेवला पाहिजे.

याने गुण न आल्यास, विशेषतः सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत, प्रथम अ‍ॅडेनॉइड काढतात. जंतू तेथे ठाण मांडून बसलेले असतात. भूल देऊन ती ग्रंथी तोंडावाटे काढली जाते. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. जरूर तर त्याच वेळी गालातील सायनस धुतात. ‘टॉन्सिलही काढून टाका’ असा आग्रह काही पालक धरतात. सायनसच्या विकारावर त्याचा उपयोग नाही.

एवढ्यानेही भागले नाही, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पूर्वी वरच्या हिरडीतून हाड फोडून सायनस उघडीत. 1890 च्या दशकातील ही पद्धत मुलांच्या न उगवलेल्या कायमच्या दातांना घातक ठरे. 1985 च्या सुमारास रूढ झालेल्या दुर्बिणीच्या पद्धतीत नाकपुडीतूनच सायनसची नैसर्गिक वाट मोकळी करतात. याने चेहऱ्याची वाढ खुंटते ही भीती पुढील पाहणीत खरी ठरली नाही. तरीही डोळा व मेंदू लगतच असल्याने हे काम अनुभवी हातांचे आहे. सी.टी. स्कॅन शस्त्रक्रियेचा विचार ठरल्यावरच करावा.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तेथे जाताना आधीच्या औषधांचे कागद सोबत न्यावेत. मात्र डोळा सुजला, दृष्टी अंधुक झाली, किंवा तीव्र डोकेदुखीसह वांत्या होऊ लागल्या, तर कागद शोधीत न बसता मुलाला त्याच रात्री इस्पितळात न्यावे.