डोळे तपासणीचा कागद नीट वाचा
(जबलपूरच्या सदर भागात मराठी कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सदर म्हणजे छावणीचा बाजार. इथून गन कॅरेज फॅक्टरीत, खमरियाला, व्हेईकल फॅक्टरीत आणि रेल्वेत कामाला जाणारी मंडळी आज समोर बसली आहेत. डोळे तपासणीचा कागद बहुतेकांच्या घरी असेल. तो वाचला किती जणांनी? 'फिट' एवढा शेरा दिसला की आपण घडी करून कागद खिशात टाकतो. हा शेरा त्या कामापुरता असतो. डोळा निरोगी आहे, असा त्याचा अर्थ नाही.

आमच्यातलाच एक जण बाहेर रांगेत उभा राहून तक्त्याच्या खालच्या ओळी पाठ करून आत गेला आणि पास झाला. हसू नका, नोकरी जाईल या भीतीने त्याने ते केले. पुढे दोन वर्षे तो लेथवर अंदाजाने माप वाचत होता. निघाला साधा मोतीबिंदू, आणि तो शस्त्रक्रियेने गेला.

आता आकडे पाहू. हा तक्ता हॉलंडच्या स्नेलेन या डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. ६/१८ म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येते, ते तुम्हाला ६ मीटरवरून वाचावे लागते. हा आकडा चष्म्याविना आणि चष्म्यासह असा दोनदा लिहिलेला असावा, आणि खरी खूण तिथेच आहे. चष्म्याने ६/६ होत असेल तर दोष नंबरचा. चष्मा लावून, बारीक भोकातून पाहूनही सुधारत नसेल तर कारण शोधलेच पाहिजे: मोतीबिंदू, मागचा पडदा, नाहीतर नस. तिथे 'नंबर वाढला असेल' म्हणून नवी काच घेऊ नका. 'एन ६' वगैरे जवळच्या वाचनाचे आकडे आहेत. ते चाळिशीनंतर उतरतातच, म्हणून तर त्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो.

फसवणारा रोग काचबिंदू. बहुधा तो दुखत नाही. बाजूची नजर आधी जाते, मधली बराच काळ टिकते. म्हणजे कागदावर ६/६ आणि बाजूने येणारी ट्रॉली दिसत नाही! डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असतो. पण दाब ठीक असूनही काचबिंदू असू शकतो. म्हणून नस पाहिली का, हे विचारा. साखरेचा आजार असलेल्यांनी दरवर्षी थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा, आणि त्या दिवशी स्कूटर घरी ठेवावी. रंग ओळखण्यात पूर्वी पास आणि आता नापास असाल, तर डॉक्टरांना चालू औषधे सांगा. क्षयरोगाच्या इथॅमब्युटॉलने नसेवर परिणाम होऊ शकतो.

एकच डोळा एका कामाला नापास आणि दुसऱ्याला पास ठरतो. रेल्वेत लोको पायलटच्या भरतीला चष्म्याविना दोन्ही डोळे ६/६ लागतात; 'सी-वन' वर्गाला ६/१२ आणि ६/१८ चष्म्यासहही चालते. तेव्हा 'अनफिट' म्हणजे घरी बसा, असे नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४) असे सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेने कामगाराला काढू नये, दर्जाही घटवू नये. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे, जागा नसेल तर जादा पद निर्माण करावे. ऑर्डनन्स कारखाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपन्यांकडे गेले. पण सरकारी कंपन्याही या व्याख्येत येतात. मात्र नुसता चष्मा लागला म्हणून हे कलम लागत नाही. ठेकेदाराच्या कामगाराला तर हे संरक्षण सहजी मिळत नाही, आणि ती लढाई बाकी आहे.

तेलंगणाच्या राज्य परिवहन महामंडळातल्या एका बसचालकाला रंगदोषामुळे घरी बसवले होते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला पर्यायी काम द्यायला लावले. आधार कशाचा होता? युनियनशी १९७९ साली झालेल्या कराराचा! म्हणून जुने करारही जपून ठेवा.

प्रत्येक तपासणीची नक्कल मागून घ्या आणि मागच्या कागदाशेजारी ठेवून पाहा. ज्यांनी आज कागद आणले आहेत त्यांनी सभेनंतर थांबावे, आपण मिळून ते वाचू.