दानाचा विधी आणि पात्राचा मान
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली की किती दिले गेले, किती जणांना दिले गेले, याचा हिशेब स्मरणिकेत येतोच; तो यावयासही हवा. परंतु जैन परंपरेत दानाचे मोल केवळ रकमेवर ठरत नाही. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारही अंगांनी ते पारखले जाते. यांपैकी द्रव्याची नोंद पावतीपुस्तकात होते आणि दात्याचे नाव संगमरवरी फलकावर येते. विधी कसा होता आणि पात्राचा मान राखला गेला की नाही, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत सापडत नाही. या दोन अंगांकडे लक्ष वेधावे, याच हेतूने आजचा विषय निवडला आहे. तो आहे आफ्रिका खंडातील मुलांच्या शिक्षणासाठी आणि हक्कांसाठी तेथील स्थानिक लोकांच्या पुढाकाराने चाललेले कार्य.

आफ्रिका हे नाव जैन समाजाला परके नाही. जामनगर परिसरातील हालारी वीसा ओसवाल कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत जाऊ लागली. केनियात त्यांनी दुकाने थाटली, कारखाने काढले, देरासरे बांधली आणि शाळाही उभ्या केल्या. तरीही त्या खंडाचे नाव निघताच भारतातील सामान्य श्रोत्याच्या डोळ्यांसमोर दुष्काळ आणि पसरलेले हात एवढेच येते. हे चित्र अपुरे आहे. तेथे देणारे हातही आहेत आणि त्यांतील काही हात कालपर्यंत घेणारे होते.

प्रथम झिम्बाब्वेकडे वळू. झांबेझी नदीवर करिबा धरण बांधले गेले तेव्हा १९५० च्या दशकात तेथील टोंगा समाजाला आपल्या सुपीक काठावरून उठविण्यात आले. पुनर्वसनानंतर ते ज्या कोरड्या भागात राहू लागले त्यांत मोला हे एक ठिकाण. १९९१ साली ॲन कॉटन नावाच्या ब्रिटिश अभ्यासक तेथे आल्या. ग्रामीण भागात मुली माध्यमिक शाळेत इतक्या कमी का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मुलींना शिकविण्यास पालकांचाच विरोध असतो, रूढी आड येते, असा समज तेव्हा सर्वत्र रूढ होता. कॉटन यांनी मात्र गावातील वडीलधाऱ्यांना आणि आईबापांनाच विचारले. उत्तर साधे होते. मुलगी शिकावी असे सर्वांनाच वाटत होते, परंतु फी, गणवेश, वह्या-पुस्तके यांचा खर्च पेलत नव्हता. एकाच मुलाचा खर्च झेपत असेल तर पुढे नोकरी मिळण्याची शक्यता ज्याला अधिक, त्या मुलाला शाळेत पाठविले जाई.

रोगाचे निदान बदलले की औषध बदलते. रूढी हेच कारण मानले असते तर उपदेशाची पत्रके वाटली गेली असती. कारण गरिबी आहे असे कळल्यावर प्रत्यक्ष खर्च उचलण्याची योजना झाली. केंब्रिजच्या बाजारात घरी केलेले केक विकून कॉटन यांनी आरंभीचा निधी जमविला आणि १९९३ साली ३२ मुलींचा शिक्षणखर्च उचलून ‘कॅमफेड’ ही संस्था सुरू झाली.

या कार्याचा विधी लक्षात घेण्याजोगा आहे. कोणत्या मुलीला मदत द्यावयाची, हे परदेशातील कार्यालय ठरवीत नाही. शाळेचे शिक्षक, पालक आणि गावातील जबाबदार मंडळी यांची समिती एकत्र बसते. कोणाचे छप्पर उडाले, कोणाचा बाप आजारी आहे, कोणती मुलगी आजीच्या आधाराने राहते, हे समितीला ठाऊक असते. अर्जावर सुंदर अक्षरात लिहिलेली अडचण आणि कधीच न बोलून दाखविलेली अडचण यांतील फरक शेजाऱ्यालाच कळतो. पात्रता ओळखण्याचे काम जवळच्या माणसाचे आहे. दूरच्या दात्याने ते आपल्याकडे ठेवले तर ज्याला मागता येते त्यालाच मिळत राहते.

या ठिकाणी गणवेशाविषयी दोन शब्द सांगणे उचित होईल. दुकानाच्या ठाणातून गणवेशाचे दोन-अडीच मीटर कापड कापले जाते तेव्हा त्या कापडावर एखाद्या मुलीचे शिक्षण टांगलेले असेल, असे कोणाच्या मनात येत नाही. केनियात २००३ साली सरकारने प्राथमिक शाळांची फी रद्द केली. लाखो मुले नव्याने शाळेत आली. गणवेशाचा खर्च मात्र पालकांवरच राहिला. त्याच सुमारास पश्चिम केनियातील ३२८ प्राथमिक शाळांत एस्थर डुफ्लो, पास्कलीन डुपा आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास सुरू केला. काही शाळांतील सहावीच्या मुलामुलींना मोफत गणवेश देण्यात आला आणि शाळेत टिकून राहणाऱ्यांना पुढे आणखी एक. तीन वर्षांनी पाहता, जेथे गणवेश दिले नव्हते तेथे १०० मुलींमागे सुमारे १९ मुलींनी शाळा सोडली होती. जेथे दिले तेथे हे प्रमाण १६ वर आले. अल्पवयात गरोदर राहणाऱ्या मुलींचे प्रमाणही १०० मागे १६ वरून १३ वर उतरले. डुफ्लो आणि क्रेमर हे पुढे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. १०० मागे तीन हा आकडा लहान वाटेल; परंतु ज्या तीन मुली वाचल्या त्यांच्या दृष्टीने ते अख्खे आयुष्य आहे.

पुन्हा झिम्बाब्वेकडे. ज्या मुलींना आरंभी मदत मिळाली त्यांत अँजेलिन मुरिमिर्वा या होत्या. प्राथमिक शाळेत उत्तम गुण मिळवूनही पुढील फी भरणे घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. मदत मिळाली, शिक्षण पूर्ण झाले. १९९८ साली त्यांच्यासारख्या माजी विद्यार्थिनींनी एकत्र येऊन स्वतःची संघटना उभारली. उपकाराची परतफेड दात्याला करता येत नाही, ती पुढच्या मुलीला करावयाची, हा त्यांचा विचार. कोणी छोटा व्यवसाय करते, कोणी शेती, कोणी शिक्षिका आहे. आपल्या मिळकतीतून त्या गावातील इतर मुलांचा शाळाखर्च उचलतात. ज्या संस्थेने फी भरली त्याच संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदापर्यंत मुरिमिर्वा पोहोचल्या. २०२१ साली संस्थेला कॉनराड हिल्टन मानवसेवा पारितोषिक मिळाले.

व्यापारी बांधवांना विशेष रुचेल अशी एक पद्धत तेथे आहे. या तरुणींपैकी काही जणी गावातील शाळेत जाऊन लहान मुलींना मार्गदर्शन करतात, अभ्यासात आणि अडचणीत सोबत करतात. त्यांना व्यवसायासाठी कर्ज मिळते आणि त्यावर पैशात व्याज नसते. शाळेत दिलेला वेळ हेच व्याज. त्याला ‘सामाजिक व्याज’ असेच म्हणतात. मुद्दल परत येते आणि व्याज मुलींच्या पदरात पडते. दानही नाही आणि सावकारीही नाही, असा हा व्यवहार आहे. घेणारीची मान यात खाली जात नाही.

दुसरे उदाहरण मलावी देशाचे. २००२ साली तेथे भीषण अन्नटंचाई होती. त्या वर्षी ‘मेरीज मील्स’ या मूळच्या स्कॉटलंडमधील संस्थेने शाळेत सुमारे २०० मुलांना रोज एक वेळचे अन्न देण्यास आरंभ केला. मका आणि सोयाबीन यांच्या पिठाची पौष्टिक पेज, एवढेच ते अन्न. पैसा बाहेरून येतो, परंतु चूल गावाची असते. मुलांच्या आया, आज्या आणि शेजारणी पाळी लावून पहाटे येतात, सरपण लावतात, पेज शिजवतात आणि वाढतात. त्यासाठी त्या वेतन घेत नाहीत. आहारदानाचे पुण्य तेथे धनादेश देणाऱ्याइतकेच पहाटे धुरात बसणाऱ्या माउलीचे आहे, हे कोणीही मान्य करील.

आणि आता अभयदान. मलावीतील देद्झा जिल्ह्यात थेरेसा काचिंदामोतो या परंपरागत प्रमुख होत्या. २७ वर्षे दुसऱ्या गावी एका महाविद्यालयात सचिव म्हणून नोकरी केल्यानंतर २००३ साली त्यांना प्रमुखपदासाठी बोलावणे आले. आपल्या प्रदेशात बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या कडेवर मुले पाहून त्या अस्वस्थ झाल्या. त्यांनी आपल्या हाताखालील ५० ग्रामप्रमुखांना एकत्र बोलावून बालविवाह बंद करण्याच्या करारावर सह्या घेतल्या. करार मोडून विवाह होऊ देणाऱ्या चार प्रमुखांना त्यांनी पदावरून दूर केले आणि ते विवाह रद्द झाल्यावरच परत घेतले. काही वर्षांत ८५० हून अधिक बालविवाह रद्द करून त्या मुलींना शाळेत परत पाठविण्यात आले.

हे काम सोपे नव्हते. त्यांना विरोध झाला, धमक्याही आल्या. विवाह मोडला तरी घरची गरिबी तशीच राहते, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून कोणाची फी त्या स्वतः भरीत, कोणासाठी दाता शोधीत, आणि मुलगी पुन्हा शाळेतून काढली जात नाही ना यावर गावातील पालकांमार्फत लक्ष ठेवीत. २०१५ च्या कायद्याने मलावीत विवाहाचे किमान वय १८ झाले. तरीही पालकांच्या संमतीने १५ व्या वर्षी विवाहाला वाट देणारी तरतूद राज्यघटनेत शिल्लक होती. ती २०१७ साली घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आली. कायदा राजधानीत झाला, परंतु एका गावप्रमुख स्त्रीने तो आधीच अमलात आणून दाखविला होता.

मुलांचे हक्क ही कल्पना पाश्चात्त्यांनी आफ्रिकेला शिकविली, असा एक गैरसमज आहे. आफ्रिकी राष्ट्रांनी १९९० साली बालकांच्या हक्कांची आणि कल्याणाची स्वतःची सनद तयार केली; ती १९९९ पासून अमलात आली. बालविवाहाला या सनदेत स्पष्ट मनाई आहे. शिक्षण पूर्ण होण्यापूर्वी गरोदर राहिलेल्या मुलीलाही शाळेत परतण्याची संधी मिळावी, असे तीत नमूद आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे १६ जून १९७६ रोजी अन्यायकारक शिक्षणाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्या मुलांच्या स्मरणार्थ १६ जून हा दिवस आफ्रिकी बालदिन म्हणून पाळला जातो.

याचा अर्थ सर्व भार गावावर टाकून दात्याने आणि सरकारने मोकळे व्हावे, असा मात्र नाही. केनियाने स्वातंत्र्यानंतर ‘हराम्बे’ हा मंत्र स्वीकारला. सारे मिळून जोर लावू, असा त्याचा भाव. गावोगावी लोकांनी वर्गणी, विटा आणि श्रम देऊन माध्यमिक शाळा उभ्या केल्या. मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालविणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याची येथे कोणासही आठवण होईल. परंतु केनियाचा अनुभव असेही सांगतो की जे भाग संपन्न होते तेथे चांगल्या शाळा झाल्या आणि जे मुळातच गरीब होते तेथे भिंती उभ्या राहूनही प्रशिक्षित शिक्षक मिळाले नाहीत. म्हणजे निर्णय गावाचा असावा, परंतु गावाला न पेलणारा भार दात्याने आणि शासनाने उचललाच पाहिजे. दोन्ही हात लागले तरच गाठोडे उचलते.

सज्जनहो, दान म्हणजे वस्तूवरील स्वामित्व सोडणे. रक्कम दिली, परंतु ती कोणी, कशी, कोणासाठी वापरावी याची दोरी हातात धरून ठेवली, तर द्रव्य सुटले आणि मूर्च्छा राहिली. परिग्रह केवळ तिजोरीत असतो असे नाही. तो निर्णयाच्या खुर्चीतही असतो. हिशेब मागणे हा विश्वस्तांचा धर्म आहे आणि तो चोख मागावा. मात्र हिशेब मागणे वेगळे आणि हुकूम करणे वेगळे.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ट्रस्टसमोर यातून तीन गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी निवडताना त्या वस्तीतील शिक्षक आणि माता यांना निवड समितीत स्थान असावे. गणवेश वा पुस्तके वाटताना मुलांना व्यासपीठावर रांगेत उभे करून छायाचित्रे काढण्याची प्रथा थांबावी. साहित्य शाळा उघडण्यापूर्वी शांतपणे घरी पोहोचावे. आणि पन्नास वर्षांत या ट्रस्टच्या मदतीने शिकलेल्या मुलामुलींना, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, केवळ सत्कारासाठी न बोलावता विश्वस्त म्हणून बोलवावे.

जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, ही जैन धर्माची शिकवण आहे. परस्पर या शब्दात देणारा आणि घेणारा यांच्या जागा कायमच्या ठरलेल्या नाहीत. झिम्बाब्वेतील एका गरीब घरातील मुलीने ते सिद्ध करून दाखविले. ट्रस्टच्या शताब्दीच्या दिवशी याच व्यासपीठावर अध्यक्षस्थानी आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी एखादी कन्या बसलेली असावी, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.