बुडालेल्या पेट्या



गेल्या पावसाळ्यात खोली गळली अन् माझ्या कवितांच्या वहीचा लगदा झाला. आठवडाभर कामावर गेलो नाही. ढोसून पडलो. मग १९१७ आठवलं.

शिष्यवृत्ती संपली म्हणून बाबासाहेब लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून निघाले. पुस्तकांच्या पेट्या दुसऱ्या बोटीत. महायुद्ध चालू. ती बोट जर्मनांनी बुडवली. आम्ही गोदीत पेट्या उचलतो, पेटीचं वजन पाठीला कळतं. पण पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं कुठल्या काट्यावर तोलायची?

बुडालेल्या सामानाची भरपाई मिळाली. त्यातून त्यांनी बडोद्याचं भाडं काढलं. तिथं काय? शिपाई लांबून फायली फेकणार. नाव बदलून राहिले त्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं.

पांढरपेशे सांगतात, संकटात संधी असते. साफ खोटं. संकटात संकटच असतं. बाबासाहेबांच्या हातात फक्त एक कागद होता: चार वर्षांत परत येऊन शिक्षण पुरं करायची लंडन विद्यापीठाची परवानगी. ती त्यांनी सुटू दिली नाही. १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून बचत, जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’, त्याच वर्षी पुन्हा लंडन. १९२३ ला डी.एस्सी. पुढं पुस्तकांसाठी दादरला राजगृहच बांधलं.

पेट्या काही वर आल्या नाहीत. माझी वहीही येणार नाही. अकरा कविता आठवल्या, त्या उतरवून काढल्या. बारावी नवीन आहे. ती आता वाचतो.